लोणीची शेतकी शाळा आणि आजोबांचा प्रश्न

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मुळशी खोऱ्यातल्या एका गावात ग्रामसभेला गेलो होतो. विषय नेहमीचेच. पाणीपट्टी, स्मशानभूमीचा रस्ता, विहिरीचे अनुदान. मला बोलावले होते ते भाताच्या बियाण्याची माहिती द्यायला. ती देऊन झाली. आयत्या वेळचे विषय निघाले तेव्हा मागे पायरीवर बसलेले एक आजोबा उठून उभे राहिले. त्यांचा नातू दहावीला दोनदा बसून घरी आहे, हे सगळ्या गावाला माहीत होते.

"साहेब, शाळेच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्यात," आजोबा म्हणाले. "कुलूप लावून ठेवण्यापरीस तिथं पोरांसाठी शेतकीची शाळा काढा की. सरकारनं कधी तशी शाळा काढलीच न्हाई का?"

सरपंच हसले. ग्रामसेवकांनी (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे, पण तोंडात जुनेच नाव बसले आहे) प्रोसिडिंग बुकात "चर्चा झाली" एवढे लिहिले आणि सभा संपली. चहा घेऊन मी मोटारसायकलला किक मारली, पण आजोबांचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण सरकारने तशी शाळा काढली होती. एक नव्हे, चांगल्या चार ठिकाणी काढल्या होत्या. त्यातली एक तर आपल्याच पुणे जिल्ह्यात होती आणि तिचे नाव दिल्ली-लंडनपर्यंत जाऊन पोचले होते. ती चालली का नाही, हे आजोबांना सांगायचे राहून गेले. म्हणून हा लेख.

मागणी आपल्याच मातीतली

शेतकऱ्याच्या मुलाला शाळेत शेती शिकवा, ही कल्पना इंग्रज साहेबाच्या डोक्यातून निघाली असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोग आपल्या भागात आला तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी त्याच्यापुढे लेखी निवेदन ठेवले. प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची यादीच त्यांनी त्यात दिली. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, आरोग्य, नीती आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान. नुसते पुस्तकातले ज्ञान नको, शाळेला जोडून एक लहानसे नमुन्याचे शेत असावे आणि मुलांना तिथे प्रत्यक्ष काम करून शिकवावे, असेही त्यांनी सुचवले. ते शेत नीट चालवले तर देशाचे मोठे कल्याण होईल, असा त्या मागणीचा आशय होता. "नीट चालवले तर" हे शब्द ध्यानात ठेवा. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

त्या वेळी पुण्यात शेतकीचे शिक्षण नव्हते असे नाही. सायन्स कॉलेजला १८७९ साली शेतकीचे वर्ग जोडले गेले होते. १९०७-०८ च्या सुमारास शेतकी कॉलेज वेगळे झाले. पण ते शिक्षण इंग्रजीतले. तिथून बाहेर पडलेला पदवीधर सरकारी खात्यात जाई. कुणब्याच्या पोराला त्या दारातून आत जायची सोयच नव्हती.

लोणीला काय चालायचे

म्हणून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने देशी भाषेतल्या शेतकी शाळा काढायला सुरुवात केली. पुण्याजवळच्या लोणीची शाळा ही त्यातली नावाजलेली. त्याच धर्तीवर खानदेशात धुळे, धारवाडकडे देवीहोसूर अशा ठिकाणी शाळा निघाल्या. धारवाडकडे कानडी, आपल्याकडे मराठी. पुढे सरकारी कागदांत या साऱ्या प्रकारालाच "लोणी पद्धतीची शाळा" असे नाव पडले.

या शाळेत घ्यायचा तो खऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. गावच्या मराठी शाळेत लिहायला-वाचायला शिकलेला आणि अंगात काम करायची ताकद आलेला. मुलांनी तिथेच राहायचे. शाळेला स्वतःची जमीन, स्वतःची बैलजोडी. दिवसाचा काही भाग वर्गात, बाकीचा शेतावर. नांगरट, पेरणी, खत, बियाण्याची निवड, जनावरांची निगा हे सगळे हाताने करून शिकायचे. जोडीला सुतारकी आणि लोहारकी, म्हणजे अवजार मोडले तर गावच्या सुताराची वाट पाहत बसायला नको. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर तेव्हा नवा होता. लाकडी नांगर सोडून तो धरायचा म्हणजे मोठीच क्रांती. असा नांगर धरणारा, फाळ बदलता येणारा मुलगा गावात परत गेला की सगळे गाव त्याचे बघून शिकेल, असा खात्याचा हिशेब होता.

हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. आज आपण "प्रगतिशील शेतकरी", "कृषिमित्र" म्हणतो ती हीच कल्पना. आणि माझ्या मते अभ्यासक्रम तर आजच्यापेक्षा बरा होता. मी स्वतः शेतकीचा पदविकाधारक आहे. दोन वर्षांत कागदावर जेवढी प्रात्यक्षिके होती तेवढी हाताने केली असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. लोणीच्या मुलाला ते सांगता आले असते.

लॉर्ड लिनलिथगो यांनी काय पाहिले

१९२६ साली हिंदुस्थानच्या शेतीची तपासणी करायला एक रॉयल कमिशन नेमले गेले. लॉर्ड लिनलिथगो हे त्याचे अध्यक्ष. (हेच पुढे व्हाइसरॉय झाले.) १९२८ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यात शेतकी शिक्षणाच्या प्रकरणात दोन नमुने समोरासमोर मांडले आहेत. एक आपल्या लोणीचा, दुसरा पंजाबचा.

पंजाबात निराळी रीत होती. तिथे शेतकीची वेगळी शाळा काढलीच नाही. जी साधी देशी भाषेची मिडल स्कूल होती त्यातच शेती हा एक विषय म्हणून घातला. शाळेजवळ एखादा शेताचा तुकडा किंवा नुसती बाग. मास्तरांना लायलपूरच्या शेतकी कॉलेजात (आता ते गाव पाकिस्तानात, फैसलाबाद नावाने) शिकवून परत शाळेवर पाठवायचे. मुलगा आपल्या घरी राहतो, बाकीचे विषयही शिकतो, पुढे शिकायचे तर वाट मोकळी.

कमिशनने कौल दिला तो पंजाबच्या बाजूने. लोणीच्या शाळेत शिकवणे वाईट आहे असे त्यांचे म्हणणे नव्हते. पण एकेका मुलामागे होणारा खर्च भारी, मुले मूठभर आणि अशा शाळा जिल्ह्याजिल्ह्यांत, तालुक्यातालुक्यांत काढत जाणे सरकारला झेपणारे नाही, असा त्यांचा विचार होता. थोडक्यात, बैल उमदा पण वैरण परवडत नाही.

इथवरची गोष्ट अहवालात आहे. पुष्कळ जण इथेच थांबतात आणि सांगतात, शेतकऱ्याच्या पोरांना शेतकी नकोच होती, त्यांना नोकरी पाहिजे होती, म्हणून शाळा मिटल्या. मला हे अर्धेच खरे वाटते. नोकरीचा ओढा होता, नाही कोण म्हणतो? गावच्या शाळेतून सातवी म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला मुलगा प्राथमिक शिक्षक होऊ शकत होता. फायनल म्हणजे पगार. शेतकीच्या शाळेचा दाखला म्हणजे परत बापाच्या शेतात. बापाने कुठला दाखला निवडावा? आपण असतो तर कुठला निवडला असता? उत्तर मनातल्या मनात द्या.

पण मुलाला शेतात परत यावेसे वाटले तरी ते शेत होते केवढे, हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही.

पिंपळे सौदागरचा हिशेब

तो प्रश्न त्याच काळात एका माणसाने विचारला होता. डॉ. हॅरल्ड मॅन. हे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल, पुढे सबंध इलाख्याचे शेतकी संचालक. ज्या खात्याने लोणीची शाळा चालवली त्याच खात्याचा हा प्रमुख माणूस. त्यांनी पुण्याजवळचे एक गाव घेतले आणि घरोघर, बांधाबांधावर फिरून त्याचा हिशेब मांडला. १९१७ साली तो पुस्तकरूपाने छापून आला. गावाचे नाव पिंपळे सौदागर.

आज हे नाव घेतले की डोळ्यांपुढे चौदा-चौदा मजली इमारती आणि मॉल उभे राहतात. हिंजवडीला जाणाऱ्यांची निम्मी वस्ती तिकडेच. आणि हिंजवडी तर आपल्याच मुळशी तालुक्यातली. पण तेव्हा पिंपळे सौदागर हे पवनेकाठचे साधे खेडे होते. मॅनसाहेबांना जुन्या दप्तरात काय दिसले पाहा. १७७१ साली, पेशवाईत, या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ साली ती साडेसतरा एकरांवर आली. १९१४-१५ साली उरली ७ एकर. तीही एका जागी नाही. १५६ खातेदारांच्या जमिनीचे ७२९ तुकडे, आणि त्यातले ४६३ तुकडे एक एकरापेक्षा लहान. शंभरातल्या ८१ खातेदारांची जमीन अशी होती की सगळे काही अनुकूल घडले तरी तिच्यावर त्यांचे पोट भरणार नाही. त्यावर सावकाराचे कर्ज, ते निराळेच.

आता कल्पना करा. अशा घरातला पोरगा लोणीला शिकून आला. बैलजोडीने लोखंडी नांगर कसा चालवायचा ते त्याला येते. पण घरची जमीन पाच तुकड्यांत. एका तुकड्यात नांगर वळवायला जागा नाही. नांगर घ्यायला पैसे नाहीत, घेतला तर ओढायला तेवढे बैल नाहीत. शाळेच्या शेतात खत टाकले की पीक येई, कारण खत सरकार आणत होते. घरी खत म्हणजे उकिरड्यावरचे, आणि शेण निम्मे गोवऱ्यांत जाते. मग या मुलाने शिकलेले कुठे वापरायचे? शाळेने त्याला दहा-वीस एकरांच्या सलग शेताची शेती शिकवली. बापाची शेती निराळीच होती.

माझ्या मते लोणीची शाळा इथे अडली. तिच्या शेताचा आणि मुलाच्या घरच्या शेताचा सांधा जुळला नाही. फुल्यांनी शेत "नीट चालवले तर" म्हटले होते. शाळेचे शेत कितीही नीट चाललेले असो, ते शेत सरकारचे होते. तिथे नुकसान झाले तर मुलाच्या घरची चूल थंड पडत नव्हती.

आणि त्याच वर्षांत आपल्या तालुक्यात काय चालले होते तेही आठवा. तिकडे लोणीत सरकार पोरांना शेती शिकवत होते, आणि इकडे मुळशीत टाटा कंपनीच्या धरणासाठी तेच सरकार बावन्न गावांतली भाताची खाचरे घेऊन देत होते. १६ एप्रिल १९२१, रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे तुरुंगात गेले. मावळे आणि त्यांच्या बायकाही गेल्या. १९२४ पर्यंत लढा ओसरला आणि खाचरे पाण्याखाली गेली. त्या खाचरांतल्या आंबेमोहोराचा वास जुनी माणसे अजून काढतात. शेती शिकवणारा हात एक आणि शेत काढून घेणारा हात दुसरा, पण दोन्ही हात एकाच अंगाचे. असो.

नंतर काय काय करून पाहिले

पुढचा इतिहास भराभर सांगतो. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींची नई तालीम पुढे आली. मूलोद्योगातून शिक्षण, मग तो सूतकताईचा असो की शेतीचा. जुन्या जिल्हा परिषद शाळांच्या भिंतीवर "जीवन शिक्षण मंदिर" अशी अक्षरे अजून कुठे कुठे दिसतात, ती त्याच काळाची खूण. चरखे अडगळीत गेले, पाटी राहिली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय माध्यमिक शाळा सुचवल्या, त्यात शेतकीची एक शाखा. त्याही फार दिवस टिकल्या नाहीत.

मग १९६४ ते ६६ चा कोठारी आयोग. या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. हे नाव मी मुद्दाम घेतो. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातले, बहिरेवाडीचे. गारगोटीला मौनी विद्यापीठ उभे करणारा हा माणूस. खेड्यातले शिक्षण त्यांनी कार्यालयात बसून पाहिलेले नव्हते, त्यात हात घातले होते. त्या आयोगाने स्वच्छ लिहिले की, प्राथमिक आणि खालच्या माध्यमिक वर्गांत शेतीचे धंदेशिक्षण देण्याचे प्रयत्न अयशस्वी झाले आहेत, यापुढे तसे प्रयत्न थांबवावेत. आधी मुलाला चांगले सामान्य शिक्षण द्या, शेतीची ओळख सगळ्या शाळांतून करून द्या, आणि खरे शेतकी धंदेशिक्षण दहावीच्या पुढे, कृषी विद्यापीठांना जोडलेल्या तंत्रनिकेतनांत द्या. लोणी पद्धतीच्या शाळेवर कागदोपत्री शेवटचा शिक्का बसला तो हा. त्या जातीची, म्हणजे चौथी-पाचवी झालेल्या शेतकऱ्याच्या पोराला घेऊन नुसती शेती शिकवणारी सरकारी शाळा आज कुठे नाही.

१९६८ मध्ये राहुरीचे कृषी विद्यापीठ झाले. दहावीनंतरची मराठीतली कृषी पदविका हे त्याच्याच हाताखालचे काम. मी त्यातून आलो. आता जरा आपल्यावरच बोट ठेवतो. वसतिगृहात आमच्या खोलीत आम्ही चौघे. एक जण बियाण्याच्या कंपनीत, एक औषधाच्या दुकानात, मी पंचायत समितीत. चौथा शेती करतो. त्याच्या घरची बारमाही बागायत आहे, बापाने ठिबक आधीच केले होते. म्हणजे ज्याची जमीन सांभाळू शकत होती तो शेतात राहिला. बाकीच्यांनी पगार शोधला. लोणीच्या पोरांत आणि आमच्यात फरक काय? मला आजोबांपुढे गप्प बसावे लागले त्याचे खरे कारण हे.

१९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर अकरावी-बारावीला किमान कौशल्याचे अभ्यासक्रम आले. पीकशास्त्र होते, उद्यानविद्या होती. काही गावांत चांगले शिक्षक मिळाले तिथे चालले. पण "नापासांचा वर्ग" अशी त्याची ख्याती झाली, आणि हळूहळू तेही ओसरले.

बापाच्या शेतातली शाळा

मग शाळेत शेती शिकवणे हा फोलच उद्योग आहे का? तसे मला वाटत नाही. दोन ठिकाणची उदाहरणे सांगतो. एक लांबचे, एक जवळचे.

अमेरिकेत १९१७ साली स्मिथ-ह्यूज कायदा झाला. हायस्कुलात शेती शिकवायला केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला. पण कायद्यात एक अट घातली. शेतकी शिकणाऱ्या मुलाने वर्षातून किमान सहा महिने देखरेखीखाली प्रत्यक्ष शेतीकाम केले पाहिजे, शाळेच्या शेतावर किंवा दुसऱ्या कुठल्या शेतावर. बहुतेक ठिकाणी हे दुसरे शेत म्हणजे बापाचेच. मुलगा घरच्या जमिनीचा एक तुकडा, नाहीतर दोन डुकरे, एक कालवड स्वतःची म्हणून सांभाळी. खर्च-उत्पन्नाची वही ठेवी. आणि शेतकीचा मास्तर सुट्टीतही घरोघर जाऊन ती वही आणि ते पीक तपासून येई. मास्तर येणार म्हटल्यावर बापही बांधावर येणारच. मुलाबरोबर बापही शिकला. तिकडे जमिनी मोठ्या, ते सगळे खरे. पण अट मोलाची होती. शाळेचे शेत आणि घरचे शेत यांचा सांधा त्या वहीने जोडला.

जवळचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले, शिरूर तालुक्यातल्या पाबळचे. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग मोठ्या कंपनीतले शास्त्रज्ञ, ते सोडून दुष्काळी गावात येऊन राहिले. आणि संस्था कोणाची म्हणाल, तर जे. पी. नाईकांनीच काढलेल्या भारतीय शिक्षण संस्थेची शाखा. म्हणजे ज्यांच्या आयोगाने जुन्या शेतकी शाळेचे दार लावले, त्यांच्याच संस्थेने दुसरी खिडकी उघडली.

पाबळची रीत अशी. आठवी ते दहावीच्या साध्या हायस्कुलात मूलभूत तंत्रज्ञान हा विषय. आठवड्यातून एक दिवस हाताने काम. त्यात शेती-पशुपालन आहे, वेल्डिंग-बांधकाम आहे, वीज-ऊर्जा आहे, घर-आरोग्य आहे. शिकवायला गावातलेच कारागीर आणि शिकून तयार झालेली मुले. आणि काम खोटे नाही. गावातल्या कोणाला गेट पाहिजे, कोणाला माती तपासून पाहिजे, कोणाच्या घरात वायरिंग पाहिजे, ते मुले करून देतात आणि त्याचे पैसे घेतात. शाळा सोडलेल्यांसाठी तिथेच राहून करायचा वेगळा अभ्यासक्रम आहे. कलबाग २००३ साली गेले, पण विषय इतर शाळांत पोचला. सगळीकडे पाबळसारखा चालतो असे मी म्हणणार नाही. जिथे मुख्याध्यापकाला हौस तिथे चालतो, नाहीतर वेल्डिंगचे यंत्र कपाटाआड. पण मुलगा बाकीच्या विषयांतून तुटत नाही आणि गावापासूनही तुटत नाही, ही दोन्ही कामे तिथे होतात.

२०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून धंदेशिक्षणाची ओळख आणि सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना काम, असे लिहिले आहे. शाळांना परिपत्रके आली आहेत. मुख्याध्यापक विचारतात, दहा दिवस करायचे काय? बऱ्याच ठिकाणी सहल काढून दिवस भरतात.

खाचरात गणित

आमच्या तालुक्यापुरते सांगतो. इथे शाळेला नवे शेत घ्यायला नको, ते मिळणारही नाही. जमिनीचे भाव तुम्हाला माहीत आहेत. ज्या घरांत अजून पाच-दहा गुंठे खाचर कसले जाते, तिथे एक गुंठा मुलाच्या नावाने बाजूला काढावा. सातबारावर नको, नुसते तोंडी. त्या गुंठ्यात चारसूत्री भात लावावा.

चारसूत्री म्हणजे काय ते पुष्कळांना माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो. एक, रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची. दोन, चिखलणीच्या आधी गिरिपुष्पाचा पाला खाचरात टाकायचा. तीन, दोरी धरून नियंत्रित लावणी करायची, १५ सेंटीमीटर आणि २५ सेंटीमीटर असे आलटून पालटून अंतर ठेवायचे, एका चुडात दोन-तीनच रोपे. चार, युरिया-डीएपीची ब्रिकेट, म्हणजे खताची गोळी, दर चार चुडांच्या मधोमध सात ते दहा सेंटीमीटर खोल खोचायची. खत पाण्याबरोबर वाहून जात नाही. आपल्याकडच्या पावसात हे किती महत्त्वाचे ते सांगायला नको.

आता यात शाळा कुठे? सहावी-सातवीच्या मुलाला विचारा. चार चुडांना एक गोळी, म्हणजे ४० बाय ४० सेंटीमीटरच्या चौकोनाला एक. एका गुंठ्यात किती गोळ्या लागतील? गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. उत्तर सव्वासहाशेच्या आसपास येते. एक गोळी २.७ ग्रॅमची. म्हणजे सुमारे १ किलो ७०० ग्रॅम खत. मग बापाला विचारायचे, आपण त्या गुंठ्याला किती फेकत होतो? दोन्ही आकडे वहीत लिहायचे. कापणीला त्या गुंठ्याचे भात वेगळे झोडायचे आणि वजन करायचे. इंद्रायणी लावा नाहीतर आंबेमोहोर लावा. इंद्रायणी शेजारच्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेली, आणि तिच्यात आंबेमोहोराचेच रक्त आहे, हेही मुलांना सांगण्यासारखे. आंबेमोहोर कमी उतरतो आणि लोळतो, पण बाजारात भाव काढतो. कुठले परवडते, ते वहीच सांगेल.

यासाठी खोली लागत नाही, अनुदान लागत नाही. लागतो तो लावणीच्या आठवड्यात एक दिवस आणि एक माणूस. माझ्या सजातल्या दोन मुख्याध्यापकांशी बोललो. एकाने, वरून पत्र आणा, म्हटले. दुसऱ्या बाई म्हणाल्या, "साहेब, दप्तराविना दिवस तसेही भरायचेच आहेत. तुम्ही दोरी आणा, मुलं मी आणते."

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दोरी घेऊन गेलो. अकरा मुले होती, सहा जणांच्या घरी खाचर होते. पाच जणांच्या घरची जमीन आधीच गेलेली, त्यांनी दुसऱ्यांच्या बांधावर उभे राहून गोळ्या मोजल्या. आजोबांचा नातू शाळेत नव्हता, तरी आला होता. अंतराची खूण चुकली की पोरांना ओरडत होता. आजोबा बांधावर घोंगडी पांघरून बसले होते. त्यांना लोणीची गोष्ट थोडक्यात सांगितली. ऐकून घेतली आणि म्हणाले, "मग त्या पोरांच्या बापांना कुणी बोलावलं न्हाई का तिथं?"

वजन कापणीनंतर करायचे आहे. वही सध्या बाईंच्या कपाटात आहे.